पळसटेंभ्याचा तारांकित प्रश्न

रत्नदीप रोकडे यांनी आयुष्यात सरकारला एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तरही शेवटी त्यांनाच लिहावं लागलं. यात सरकारने आळस केला असं कुणी म्हणू नये. सरकारने तो प्रश्न रीतसर वरून खाली पाठवला, प्रत्येक टेबलाने त्यावर शिक्का मारून तो आणखी खाली ढकलला, आणि ढकलता ढकलता तो जिथून निघाला होता त्या पळसटेंभ्यातच येऊन पडला. आता गावात असला कागद लिहिता येणारा माणूस एकच, त्याला कोण काय करणार!

पळसटेंभे म्हणजे धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला, एसटी जिथे वळून परत जाते ते गाव. रोकड्यांनी तालुक्याच्या एका कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त होऊन बुद्धविहाराशेजारच्या घरात येऊन राहिले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. कचेरीत त्यांचा मान होता तो एकाच गोष्टीसाठी. विधानसभेचं अधिवेशन लागलं की आमदारांचे प्रश्न खाली माहितीसाठी येतात. कचेऱ्यांतून त्यांना 'एलएक्यू' म्हणतात. एलएक्यू आला की भल्याभल्या साहेबांची पाचावर धारण बसायची आणि रोकड्यांना बोलावणं जायचं.

त्यातली मेख अशी की अशा प्रश्नाला चार-पाच शेपट्या असतात. पहिली, 'अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय'. मग, असल्यास चौकशी केली काय, असल्यास कारवाई काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. पहिलीपुढे 'हे खरे नाही' असं लिहिलं की उरलेल्या सगळ्यांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं लिहून चहा प्यायला जाता येतं. पण नुसतं 'हे खरे नाही' कुणीही लिहील. विहिरीत पाणी नाही, शाळेला छप्पर नाही, आणि तरीही ते खरे नाही, हे चार ओळींत असं मांडायचं की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपली काहीतरी गफलत झाली. हे रोकड्यांना जमायचं. एकतीस वर्षांत त्यांचं एकही उत्तर शेरा मारून परत आलं नव्हतं. हे ते स्वतः सांगत नसत, कुणी विचारलं नाही तरच सांगत.

तर गेल्या जुलैत, गटारीच्या आदल्या दिवशी, वरच्या पाड्यावरच्या जनाच्या सात शेळ्या गेल्या. जना ठाकर आदिवासींतली बाई, पन्नाशीपुढची, नवरा कमळू वारून सहा वर्षं झालेली. भरदुपारी ती लावणीला गेली होती आणि शेळ्या बांधाला चरत होत्या. पांढरी पिकअप आली, दोघं उतरले, शेळ्या आत घातल्या आणि गाडी गेली. पाड्यावरच्या पोरांनी पाहिलं. गटारीला मटणाच्या दुकानांपुढे केवढ्या रांगा लागतात हे आपल्याला ठाऊक आहे. बाकी काही सांगायला नको.

जना चिखलाच्या पायांनी तशीच खाली पळसटेंभ्याच्या पोलीस चौकीवर आली. चौकीला कुलूप. दुसऱ्या दिवशी आली, कुलूप. मग एकवीस किलोमीटरवरच्या मोठ्या ठाण्यात गेली. तिथे तिला सांगितलं, तुमचा भाग पळसटेंभे चौकीचा, तिथं तक्रार द्या. ती परत आली. कुलूप होतंच. मग ती भाऊसाहेबांच्या ओट्यावर येऊन बसली.

"भाऊसाहेब, तुमी लिवनारे मानूस. माझ्या सातच्या सात गेल्या. तुमी सांगा ना कुनाला तरी."

रोकड्यांना खरंच वाईट वाटलं. ते दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून जनाबरोबर मोठ्या ठाण्यात गेले. तिथे टेबलाशी बसलेल्या मुलाने, म्हणजे वयाने तो मुलगाच होता, त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "काका, तुम्ही हिचे कोण?"

"मी... तसा कोणी नाही."

"मग बाजूला बसा. त्या बाकावर."

त्या बाकावर रोकडे दोन तास बसले. शेजारी कुणाचा तरी कोंबडा पाय बांधून ठेवला होता, तो मुद्देमाल होता म्हणे. एकतीस वर्षं ज्याच्या कलमावर साहेबांची अब्रू टिकली तो माणूस एका कोंबड्याशेजारी बसला आणि कोंबड्याला जागा हवी म्हणून सरकला. जनाला पुन्हा चौकीवरच जायला सांगितलं. घरी आल्यावर रोकडे बायकोला म्हणाले, "वंदना, हा एका बाईच्या शेळ्यांचा प्रश्न राहिला नाही. हा धोरणाचा प्रश्न आहे."

वंदनाताई अंगणवाडीत शिकवतात. पंचवीस वर्षं लहान मुलांत काढल्यामुळे मोठ्या माणसांचं रुसणं त्यांना लगेच ओळखू येतं. त्या म्हणाल्या, "धोरणाचं नंतर बघा. उद्या पुन्हा जा तिला घेऊन, परवा जा. लिहून घेईपर्यंत उठू नका. आणि कोंबडा असला तर असू दे."

"तुला नाही कळायचं," रोकडे म्हणाले. हे वाक्य नवरे बहुधा बायकोला सगळं कळलेलं असतं तेव्हाच म्हणतात.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे केरूमामा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सकाळ-संध्याकाळ सल्ला घेऊन यायला लागले. सोमवारी ते म्हणाले, माहितीचा अधिकार टाका. बुधवारी म्हणाले, कलेक्टरला रजिस्टर पोस्ट करा. शुक्रवारी म्हणाले, "भाऊसाहेब, चौकीपुढं उपोषनाला बसा. मी सोबत बसतो. मला शुगर हाय, पन तुमच्यासाठी बसतो." रोकड्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं आधीच ठरलं होतं. ज्या हत्याराची धार त्यांना माहीत होती तेच ते वापरणार होते.

लावणी गेली, गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या आधी रोकड्यांनी प्रश्न लिहायला घेतला. आजवर ते तटाच्या आत उभे राहून लढले होते, आता बाहेरून चढायचं होतं. कुठे कुठे फट राहते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! चौकी गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून बंद, मंजूर पदं तीन, प्रत्यक्षात एक आणि तोही बंदोबस्तावर, गावातल्या महिलेच्या सात शेळ्या चोरीस जाऊन तक्रार घेतली नाही, ग्रामीण भागातल्या अशा चौक्यांबाबत गृह खात्याचं धोरण काय. अकरा दिवस ते लिहीत होते. वंदनाताईंना वाचून दाखवत होते. वंदनाताई अंगणवाडीची हजेरी भरत "हं" म्हणत होत्या.

मग ते मुरबाडला आमदारांच्या कचेरीत गेले. आमदार नव्हते, पण त्यांचे स्वीय सहायक देवराम होते, आणि देवराम असले की आमदार असल्यासारखंच असतं. देवरामने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"असा तयार प्रश्न आमच्याकडे कधी येत नाही हो. लोक येतात, रडतात, जातात. आम्हीच लिहायचं." देवरामने फोन काढून कागदाचा फोटो घेतला. "तारांकितमध्येच टाकतो, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. साहेबांना नागपूरच्या अधिवेशनाला प्रश्न कमीच पडतायत."

त्या दिवशी रोकडे मुरबाडहून परत येताना पेढे घेऊन आले. जनाला निरोप गेला की तिच्या शेळ्यांचं आता नागपूरला विचारणार. ती पाड्यावरून उतरून आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "नागपूर किती लांब हाय?"

"खूप लांब."

"मंग तिथं ऐकतील," ती म्हणाली. जवळच्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिचा हिशेब बरोबरच होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी अकराला भगीरथ हवालदार मोटारसायकलवरून थेट रोकड्यांच्या अंगणात आले. हे पळसटेंभे चौकीचे हवालदार. गावाने त्यांना शेवटचं मागच्या वर्षीच्या गणपतीत पाहिलं होतं. हेल्मेट काढलं तर कपाळावर घाम, आणि हातात गुलाबी कागद.

"भाऊसाहेब, वाचवा. एलएक्यू आलाय."

रोकड्यांचा चेहरा एकतीस वर्षांच्या सवयीने सरकारी राहिला. "बघू."

त्यांचाच प्रश्न होता. छापलेला, क्रमांक पडलेला, वर 'अत्यंत तातडीचे, आज सायंकाळी पाचपर्यंत' असा शिक्का. छापलेल्या अक्षरांत तो त्यांना जास्तच देखणा वाटला.

"कुणा दळभद्र्याने विचारलाय काय माहीत," भगीरथ हवालदार म्हणाले, "पण भाषा लय पक्की आहे. हलायला जागा नाय ठेवली. साहेब बोलले, चौकी चालू असल्याचा फोटो पाहिजे आणि उत्तर 'हे खरे नाही' पाहिजे. तूच चौकीचा इन्चार्ज, तूच लिही."

"पक्की आहे ना भाषा?" रोकडे म्हणाले.

"एकदम."

खरं म्हणजे इथेच त्यांनी सांगायला हवं होतं, की बाबा रे, तो दळभद्री मीच. पण हवालदार ओट्यावर बसले आणि त्यांनी वंदनाताईंनी दिलेलं पाणी एका घोटात संपवलं. मग आपली हकीकत सांगितली, आणि रोकड्यांची कबुली राहूनच गेली. चौदा महिने हवालदार कधी यात्रेच्या बंदोबस्ताला, कधी निवडणुकीला, कधी शहापूरच्या बाजूला हायवेवर मंत्री जाणार म्हणून. एकदा तर कसाऱ्याला तीन दिवस उभे होते, मंत्री आलेच नाहीत. सगळे हुकूम तोंडी. कागदावर मात्र ते चौदा महिने पळसटेंभ्याच्या चौकीत खुर्चीवर बसलेले होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. चौकी बंद होती असं उत्तर गेलं तर वरचा कुणी अडकणार नव्हता, अडकणार होते भगीरथ एकटे.

"मी लिहिलंय थोडं," असं म्हणून त्यांनी वहीचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'चौकी बंद नाय पण चालू पण नाय याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

आता सुतारासमोर कुणी रंधा उलटा धरला तर त्याला बघवेल काय! रोकडे म्हणाले, "मी फक्त बघतो." मग म्हणाले, "फक्त भाषा दुरुस्त करतो." मग त्यांनी चष्मा पुसला आणि नवा कागद घेतला. वंदनाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पोळपाट जरा जोरात ठेवला.

आधी चौकी उघडायला हवी होती. कुलूप बघून हवालदार म्हणाले, "हे आपलं नाय. आपलं पितळी होतं." कुलूप केरूमामांचं निघालं. गावात कोरडी खोली तेवढीच, म्हणून मामांनी आपलं नवं भात चौकीत ठेवलं होतं. नऊ पोती. त्याशिवाय गणपती मंडळाचं मखर, बचतगटाचं मोठं पातेलं आणि कुणाची तरी शिडी. उपोषणाला बसायला निघालेले मामा किल्ली द्यायला तयार होईनात.

"चौकी चालू झाली तं माझा भात कुठं ठेवू? उंदरं खातील."

"मामा, चौकी बंद आहे म्हणून तुम्हीच तर..."

"बंद हाय ती वाईटच," मामा म्हणाले, "पन तिच्यात भात हाय ही पन गोष्ट हाय ना."

शेवटी तडजोड झाली. पोती भिंतीला लावून त्यांच्यापुढे वंदनाताईंची निळी चादर दोरीवर टांगली. टेबल शाळेतून आलं. खुर्च्या मात्र अंगणवाडीतल्याच मिळाल्या, लाल आणि पिवळ्या, तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. भगीरथ हवालदार पिवळीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि डोकं टेबलाच्या वर जेमतेम आलं. मग विहाराच्या बांधकामातल्या विटा खाली लावून त्यांना वर उचललं. फोटो छातीपासून वरच काढायचा ठरला. पोरं खिडकीत लटकली होती, बाया दारात उभ्या होत्या. सगळ्यांना खरंच आनंद झाला होता. चौकी चालू झाली, असं एकमेकांना सांगत होते.

"समोर तक्रारदार पाहिजे," रोकडे म्हणाले. "नुसता हवालदार बसलेला दिसला तर ते उत्तर होत नाही, तो नुसता फोटो होतो."

आणि जना आली. वरच्या पाड्यावर कुणीतरी सांगितलं होतं की चौकी उघडली. ती धावत आली होती, हातात विळा तसाच होता. तो दाराशी ठेवून ती विटांवर चढवलेल्या लाल खुर्चीवर बसली आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागली.

"सात व्हत्या, दादा. काळी कपाळाला चांदनी असलेली. तिची लेक, ती पाट, तिचा डावा कान फाटका. दोन भुऱ्या, एक बुटकी, एक सहा महिन्यांची, अजून दूध पीत व्हती. आनी एक बोकड, तो मी विकनार नव्हते..."

हवालदारांच्या हातात पेन होतं, समोर कागद होता, पेन फिरत होतं. रोकडे मोबाइल धरून उभे होते. फोटो छान आला. जनाचा चेहरा हवालदारांकडे वळलेला, हात टेबलावर, हवालदार खाली बघून लिहीत असलेले. अशी दखल घेणारी चौकी सबंध ठाणे जिल्ह्यात शोधून सापडली नसती.

जना सगळं सांगून उठली. "लिवला ना सगळा?"

"लिवला, मावशी," हवालदार म्हणाले.

ती गेल्यावर रोकड्यांनी कागद पाहिला. त्यावर नुसत्या वळणावळणाच्या रेघा होत्या.

"आज घेतली तर उत्तर बदलावं लागेल, भाऊसाहेब," हवालदार मान खाली घालून म्हणाले. "तक्रार प्राप्त आहे म्हटलं की इतके महिने काय केलं, असं विचारतील. परवा घेतो ना. परवा मी इथेच आहे."

पावणेचार वाजले होते. पाचला उत्तर जायला हवं होतं. रोकड्यांनी घरी येऊन उत्तर पुरं केलं, आणि आता त्यांना कुणी दोष देवो, पण ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. '(१) हे खरे नाही. सदर चौकी कार्यरत असून तेथे नागरिकांच्या तक्रारींची तत्परतेने दखल घेतली जाते. छायाचित्र सोबत जोडले आहे. (२) शेळ्या चोरीस गेल्याबाबत कोणतीही तक्रार प्राप्त नाही. (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही.' चार वाजून चाळीस मिनिटांनी ते वर गेलं.

परवा मात्र भगीरथ हवालदार आले नाहीत. त्यांना नागपूरला पाठवलं होतं. कशाला म्हणाल, तर अधिवेशनाच्या बंदोबस्ताला. पळसटेंभ्याच्या चौकीत पोलीस का नाही, हा प्रश्न ज्या इमारतीत विचारला जाणार होता त्या इमारतीबाहेर पळसटेंभ्याच्या चौकीचा पोलीस उभा होता. मामांनी चौकीला पुन्हा कुलूप लावलं. चादर वंदनाताईंनी आणून धुतली.

प्रश्नाच्या दिवशी मामांच्या घरी टीव्हीपुढे अर्धं गाव जमलं. सभागृहात आधी गोंधळ झाला, मग कामकाज तहकूब झालं, मग पुन्हा सुरू होऊन पुन्हा तहकूब झालं. पळसटेंभ्याचा नंबर आलाच नाही. मामा म्हणाले, "आपला प्रश्न बघून पळाले सगळे." लोक हसले आणि शेतावर गेले. दुपारी देवरामचा फोन आला. "काका, अभिनंदन! उत्तर छापून पटलावर आलंय. साहेब बोलले, असं मुद्देसूद उत्तर क्वचित मिळतं."

मोबाइलवर उत्तर आलं. रोकड्यांनी ते वाचलं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नव्हता. मंत्र्यांच्या नावाखाली त्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं होतं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांची छाती फुगली. दुसऱ्या क्षणी त्यांनी दुसरी शेपटी वाचली, आणि मग त्यांना तिथे बसवेना.

ते तडक वरच्या पाड्याकडे निघाले. चढ आहे. दोनदा बसावं लागलं. जना अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होती. तिने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसली.

"काय बोललं सरकार?"

रोकड्यांनी वाचून दाखवलं. सगळं वाचलं, पाचही. तिला सरकारी भाषा कळत नव्हती, पण 'तक्रार प्राप्त नाही' एवढं कळलं.

"पन मी सांगितला ना हवालदाराला. तुमी तिथंच व्हते. तुमीच फोटो काढला."

"हो."

"मंग त्यांनी असा कसा लिवला?"

"त्यांनी नाही लिहिलं, जनाबाई. मी लिहिलं."

तिने पेंढीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "नागपूरला जायाचा तुमी लिवलात. तिथून आला तो पन तुमीच लिवलात. मंग माझी तक्रार लिवायला काय झाला व्हता तुमाला?"

रोकड्यांनी तिथेच, तिच्या अंगणात, खिशातलं पेन काढलं आणि तिची तक्रार लिहून घेतली. तिने अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं मोठ्या ठाण्यात गेले.

टेबलाशी आज मनाली नावाच्या तरुण पोलीस बाई होत्या. त्यांनी कागद नीट वाचला आणि कपाळाला हात लावला. "काका, यावर तर विधानसभेत उत्तर गेलंय, तक्रार प्राप्त नाही म्हणून. आता ही जुलैपासून येतेय असं मी नोंदवलं तर उत्तर खोटं ठरतं. सभागृहाची दिशाभूल होते. मी कशी घेऊ?"

जनाने विचारलं, "काय बोलते ती?"

"म्हणतायत, तुमची तक्रार आलेली नाही असं वर सांगून झालंय, म्हणून आता ती घेता येत नाही."

मनालीबाई वाईट नव्हत्या. त्यांनीच आवाज खाली आणून वाट सुचवली. "असं करू. आजच पहिल्यांदा आल्या, असं लिहू. मागचं काही काढू नका. म्हणजे उत्तरही बरोबर, तक्रारही बरोबर."

रोकड्यांना ती वाट बघताक्षणी दिसली होती. किंबहुना त्यांच्या मनात वाक्यही तयार झालं होतं. कुणाचंच नुकसान नाही, भगीरथ वाचतात, आपण वाचतो. ते मान हलवणार एवढ्यात जना म्हणाली, "पयल्यांदा कशी? चिखलाच्या पायांनी आले व्हते मी. पाच वेळा आले. ते गेला कुठं?"

रोकडे बाहेर गेले आणि त्यांनी नागपूरला फोन लावला. भगीरथ हवालदार गेटवर होते. पाठीमागे कुणाच्या तरी घोषणा चालल्या होत्या. रोकड्यांनी सगळं सांगितलं. तो प्रश्नही आपलाच होता, हेही सांगितलं.

"लिवा, भाऊसाहेब," हवालदार म्हणाले. "पण मी चौदा महिने कुठं कुठं उभा होतो ते पण लिवा. एकदा कुठंतरी कागदावर येऊ द्या ते."

रोकडे आत आले. "मॅडम, ते उत्तर खोटं आहे. मी लिहिलंय ते. ही बाई जुलैपासून येतेय आणि चौकीला कुलूप होतं."

"लेखी द्याल?"

रोकडे लिहायला बसले. जना कितीदा आली, चौकी कधीपासून बंद, हवालदारांना तोंडी हुकमाने कुठे कुठे पाठवलं, फोटो कसा काढला, विटासुद्धा लिहिल्या. अक्षर सुंदर होतं, भाषा मात्र या वेळी साधी होती. शेवटी ते थांबले. एकतीस वर्षं त्यांनी हजारो कागद लिहिले, खाली सही कायम साहेबाची. स्वतःचं नाव घालून असा कागद त्यांनी कधी दिलाच नव्हता. पेन्शनचा विचार मनात आला, वंदनाचा आला. मग रोकड्यांनी सही केली, पूर्ण नावाची.

मनालीबाई कागद घेऊन आतल्या साहेबांकडे गेल्या. आत बराच वेळ मोठा आवाज चालला होता. दुपारचे साडेचार वाजले तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. रोकड्यांच्या कागदाचं पुढे काय होणार, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

परतीच्या एसटीत जनाने नोंदीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरली होती. धसई गेल्यावर रोकडे म्हणाले, "जनाबाई, एक खरं सांगतो. शेळ्या आता मिळायच्या नाहीत."

"माहीत हाय मला. गटारीलाच गेल्या त्या. चोरांनी खाल्ल्या नाय तं लोकांनी खाल्ल्या."

"मग तुम्ही एवढ्या वेळा..."

जनाने पिशवी जरा वर घेतली. "पाड्यावर लोक बोलाय लागलेले, भाऊसाहेब. जनाच्या शेळ्या व्हत्या तरी कंदी? सरकार पन तेच बोलला. मला पन कंदी कंदी वाटाय लागला, व्हत्या का खरंच. सातही इथं लिवल्यात ना? बुटकीपन?"

रोकड्यांनी प्रत उघडली आणि बोट ठेवून तिला ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती वळणापर्यंत त्या ओळीकडे बघत राहिली.

"व्हत्या," ती म्हणाली, आणि प्रत परत पिशवीत ठेवली.